वरच्या प्लॉटवर इमारती, खाली आपली सोसायटी: हरकत कुठे घ्यायची, कशाची घ्यायची

पत्र: आमची सोसायटी भांडुप पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आहे. तळमजला अधिक चार मजल्यांच्या दोन इमारती, १९८८ सालच्या. मागच्या बाजूला पंधरा फुटी दगडी भिंत आहे आणि भिंतीच्या वरच्या अंगाला साधारण एकराचा झाडीचा प्लॉट होता. दोन महिन्यांपासून तिथे पोकलेन लागलाय. बोर्डावर तीन इमारती दिसतात, प्रत्येकी स्टिल्ट अधिक सात मजले. खणलेली माती आमच्या भिंतीच्या डोक्यावरच ढीग करून ठेवतात. आम्हाला कसलीही नोटीस आलेली नाही. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळं काम बंद पाडायचं. दुसरा म्हणतो, परवानगी आहे म्हटल्यावर आपण काही करू शकत नाही. पालिका सुनावणी कधी घेते? डोंगरउतारावर परवानगी मिळतेच कशी? पावसाळ्याच्या आत काय करावं?
(सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था)

उत्तर:

ताई, सुनावणीची वाट बघू नका. ती होणारच नाही. मुंबईत एकेका इमारतीच्या परवानगीसाठी शेजाऱ्यांना नोटीस काढायची आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं, अशी पद्धत नाही. लोकांच्या हरकती मागवतात त्या विकास आराखडा तयार होताना, किंवा मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल तेव्हा. फेरबदलासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. प्लॉट मूळचाच निवासी झोनमध्ये असेल तर अशी सूचना कधी निघालीच नसणार. झाडं तोडायच्या अर्जावर मात्र वृक्ष प्राधिकरणाची जाहीर नोटीस निघते, झाडांवरही चिकटवतात. तिची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि बहुतेकांच्या ती हातून निसटते. प्लॉटवर अजून झाडं उभी असतील तर उद्याच कुणाला तरी पाठवून बुंध्यांवर कागद आहेत का ते बघून या.

तुमच्या कमिटीतले दोन्ही तट अर्धवट बरोबर आहेत. परवानगी असेल तर निव्वळ हरकतीनं काम बंद पडत नाही, हे खरं. पण परवानगी म्हणजे मोकळं रान नव्हे. पालिका बांधकामाआधी जो कागद देते त्याला सगळे आयओडी म्हणतात. त्याचं पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नामंजुरीची सूचना. नाव उलटं वाटतं, पण त्यात अर्थ आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४६ खाली पालिका कळवते की अमुक अमुक गोष्टी पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव नामंजूर समजावा. त्यातल्या अटीही नकारार्थी वाक्यांत असतात: स्ट्रक्चरल इंजिनियर नेमलेला नाही, शेजारच्या जागेतून येणारं पावसाचं पाणी न अडवता कुंपणभिंत बांधलेली नाही, नुकसानभरपाईचा बाँड दिलेला नाही. त्या पूर्ण झाल्या की सीसी मिळते, म्हणजे काम सुरू करायचा दाखला, आणि तोही आधी जोत्यापर्यंतच. जोतं तपासलं की पुढच्या मजल्यांची सीसी. तुमचा सगळा जोर या अटींवर लागला पाहिजे आणि तो जोत्याच्या वरची सीसी मिळायच्या आत लागला पाहिजे. नंतर इमारत उभी राहते, फ्लॅट विकले जातात आणि तुमच्या भिंतीकडे बघायला कुणाला सवड उरत नाही.

डोंगरावर परवानगी मिळतेच कशी, याचं उत्तर जमिनीच्या झोनमध्ये आहे. पुण्याच्या डोंगरमाथा-डोंगरउताराच्या वादातून १:५ उताराचा आकडा (त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको) आपल्याकडेही ऐकू येतो. तो तक्रारीत लिहू नका. मुंबईला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. बाकी महाराष्ट्राची एकत्रित नियमावली इथे चालत नाही. चुकीचा नियम लिहिला की अधिकाऱ्याला एका ओळीत उत्तर देऊन फाईल बंद करता येते. त्याऐवजी मालमत्ता पत्रकावरून प्लॉटचा सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, काढा आणि पालिकेच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून विकास आराखडा २०३४ चे अभिप्राय, म्हणजे डीपी रिमार्क, मागवा. त्यात निवासी झोन आहे की नैसर्गिक क्षेत्र की हरित क्षेत्र, प्लॉटवर आरक्षण किंवा रस्त्याची रेषा आहे का, हे नकाशासकट मिळतं. तुमचा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला आहे, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्दही ताडून बघा. ती हद्द काही ठिकाणी उद्यानापासून १०० मीटरवरच संपते, काही ठिकाणी बरीच पुढे येते, त्यामुळे अंदाजानं बोलू नका. जुन्या सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा दिसला तर हुरळून जाऊ नका. मुलुंड, भांडुप पट्ट्यातल्या अशा बऱ्याच जमिनींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये निकाल जमीनमालकांच्या बाजूनं लागला. शेरा कधीचा, त्यावर पुढे काय फेरफार झाला, हे बघूनच बोला.

एक गोष्ट मात्र हमखास तपासा, कारण ती बऱ्याच सोसायट्यांना सुचतच नाही. वरचा प्लॉट आणि तुमचा प्लॉट पूर्वी एकाच लेआउटचा भाग होता का? १९८८ चा मंजूर नकाशा काढा. टेकडीचा उतार त्या काळी लेआउटची मोकळी जागा, म्हणजे आरजी, म्हणून दाखवलेला असेल तर सगळं प्रकरणच बदलतं. मग तुम्ही नुसते शेजारी राहत नाही, तुम्ही हक्कदार ठरता. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरनं करून न दिलेली जमीन सरकारी आदेशानं सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नसेल तर ते का रखडलं हेही याच वेळी विचारा.

प्राधिकरण कोण, हे आधी ठरवा, नाहीतर महिनाभर चुकीच्या दारात उभं राहाल. साधा खाजगी प्लॉट असेल तर पालिकेचा इमारत प्रस्ताव विभाग (पूर्व उपनगरे). झोपडपट्टी पुनर्वसन योजना असेल तर एसआरए. म्हाडाचा लेआउट असेल तर म्हाडाच. वॉर्ड ऑफिसचा इमारत व कारखाने विभाग बघतो ती विनापरवाना बांधकामं. परवानगी असलेल्या कामाची तक्रार तिथे दिली की ती फक्त पुढे पाठवली जाते. बोर्डावर महारेराचा क्रमांक असला पाहिजे, कारण ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट आणि ८ पेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका. मंजूर नकाशे, सीसी, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनियरची नावं बरेचदा त्याच दिवशी हाती येतात.

जे तिथे मिळणार नाही ते माहिती अधिकारातून मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसला पाहिजे, फी १० रुपये, ऑनलाइनही करता येतो. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलं की ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर येतं. अर्ज असा लिहा:

‘सीटीएस क्र. ___, मौजे भांडुप येथील इमारत प्रस्तावाबाबत पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात व मूळ फाईलची पाहणी करू द्यावी. १. आयओडी, त्यातील अटींची पूर्तता दाखवणारी पत्रे. २. सीसी, सर्व पृष्ठांकनांसह. ३. खोदकामापूर्वीचा समोच्च रेषांचा नकाशा, टाउन हॉल डेटमच्या पातळ्यांसह. ४. माती व खडक तपासणी अहवाल. ५. संरक्षक भिंतीचे व खोदकामाच्या आधाराचे मंजूर नकाशे. ६. पर्जन्य जलवाहिनी विभागाचे अभिप्राय. ७. विकासकाने दिलेला नुकसानभरपाईचा बाँड.’

उत्तराला ३० दिवस लागतात. आज अर्ज टाकलात तर मे उजाडेल. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला धरतात. म्हणून ‘फाईलची पाहणी करू द्यावी’ हे शब्द गाळू नका. पाहणीत फोटो काढता येतात आणि झेरॉक्सची वाट बघावी लागत नाही. जाताना एक इंजिनियर सोबत घ्या.

समोच्च नकाशा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडून जमिनीच्या पातळ्या दाखवणारा नकाशा, आणि टाउन हॉल डेटम ही मुंबईत उंची मोजायची ठरलेली आधारपातळी. या नकाशाचा आग्रह का, तर डोंगर कापल्यावर मूळ जमीन कुठे होती हे सिद्ध करायला दुसरं काही उरत नाही. इमारतीची उंची सभोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून मोजतात. खालच्या बाजूला भराव टाकला की सरासरी वर सरकते आणि कागदावर इमारत बसलेली दिसते. उतारावरच्या फायलीत ही गडबड सगळ्यात जास्त सापडते. जुन्या उपग्रह चित्रांच्या तारखांसह प्रिंटही काढून ठेवा.

खोदकाम किती झालं हे मोजायची आणखी एक वाट आहे. प्लॉटवरून बाहेर नेलेल्या माती-मुरमासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वामित्वधन भरून गौण खनिजाचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यावर ब्रासचा आकडा असतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. समजा त्यांनी ४० मीटर लांब आणि २० मीटर आत असा सपाट टप्पा काढला आणि मागची कापलेली बाजू ६ मीटर उंच आहे. तो त्रिकोणी तुकडा २,४०० घनमीटर होतो, म्हणजे साडेआठशे ब्रासच्या आसपास. परवाना ३०० ब्रासचा असेल तर एक तर माती चोरून जाते आहे, नाहीतर ती वर कुठेतरी पडून आहे. ती कुठे पडली आहे ते तुम्ही पत्रातच लिहिलंय.

आणि आता त्या ढिगाबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तेच आहे. तुमच्या १५ फुटी, म्हणजे साडेचार मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर तो भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ६ टन रेटा देतो. भिंतीच्या डोक्यावर २ मीटरचा ढीग टाकला की त्यात आणखी ५ टनांची भर पडते. ढीग नाही, पण भिंतीमागे वरपर्यंत पाणी साचलं, तर ६ चे १३ टन होतात. जून-जुलैमध्ये दोन्ही एकदम घडलं तर काय, हा हिशेब कुणाही इंजिनियरकडून करून घ्या आणि तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. १९८८ ची दगडी भिंत कोरड्या मातीसाठी बांधलेली असते आणि ती मागचं पाणी बाहेर सोडणाऱ्या तिच्या भोकांवर जगते. भोकं बुजली की ती पाण्याची टाकी होते. मालाडच्या पिंपरीपाड्यात २ जुलै २०१९ ला मध्यरात्रीनंतर भिंत पडून तीसहून जास्त माणसं गेली. १८ जुलै २०२१ ला माहुलच्या भारतनगरातली आणि विक्रोळीच्या सूर्यनगरातली घरं एकाच रात्री गाडली गेली. दोन्ही वेळा जोराच्या पावसात, लोक झोपेत असताना.

म्हणून पहिली मागणी एकच ठेवा: भिंतीच्या डोक्यापासून भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात, म्हणजे किमान ५ मीटरच्या पट्ट्यात, माती, खडी, सळई, डंपर, काहीही नको. ढीग १५ मेच्या आत हलवायचा. ही मागणी कोर्टाशिवाय मान्य होऊ शकते, कारण ती कुणाच्याही एफएसआयला, म्हणजे मंजूर बांधकाम क्षेत्राला, हात लावत नाही आणि धोका उघड्या डोळ्यांनी दिसतो. पत्र विकासकाला, त्याच्या आर्किटेक्टला, स्ट्रक्चरल इंजिनियरला आणि इमारत प्रस्तावच्या कार्यकारी अभियंत्याला एकाच दिवशी द्या, पोच घ्या, फोटोवर तारीख टाका. स्ट्रक्चरल इंजिनियरला पत्र देणं विसरू नका. त्याची सही फायलीत आहे, परवाना त्याचा आहे, आणि लेखी धोका कळल्यानंतर त्याला गप्प बसता येत नाही.

दुसरी मागणी कापणीची. आपले डोंगर लांबून कातळ वाटतात, पण वरचा काही मीटरचा थर बहुतेक ठिकाणी कुजलेल्या बेसाल्टचा, म्हणजे मुरमाचा असतो, आणि त्यात गोल धोंडे अडकलेले असतात. पाणी मुरमातून झिरपतं, खालच्या पक्क्या कातळाला लागतं आणि त्या सांध्यावरून वाहायला लागतं. दरड तिथूनच सुटते. त्यामुळे काम वरून खाली, दीड-दोन मीटरच्या टप्प्यांत व्हायला हवं, आणि एका टप्प्याला आधार दिल्याशिवाय पुढचा टप्पा खणायचा नाही. मुरूम उघडा ठेवायचा असेल तर उतार १:१ किंवा त्याहून सपाट. सरळ उभा कापायचा असेल तर आधी पायलिंग, नाहीतर खिळे मारून जाळी आणि गनायटिंग, म्हणजे वरून काँक्रीटचा फवारा. पोकलेननं पायथ्याशी सरळ खणून वरची माती आपोआप खाली यायची वाट बघणं स्वस्त पडतं, आणि तसं केलं जातं. तसं होताना दिसलं तर व्हिडिओ काढा. भारतीय मानकं तयार आहेत, तीच उद्धृत करा: खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४, डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींसाठी आयएस १४४५८. भिंतीच्या हिशेबात घसरण्याविरुद्ध किमान १.५ ची सुरक्षितता आणि पाणी साचलेल्या अवस्थेचा वेगळा हिशेब दाखवला आहे का, एवढं तुमच्या इंजिनियरनं बघायचं. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते. तो रेटा धरलाय का तेही. अहवाल वजनदार हवा असेल तर विकासकाच्याच खर्चानं आयआयटी मुंबई किंवा व्हीजेटीआयकडून तपासणी मागा.

इथे एक सापळा आहे. वरची उभी कापणी धरून ठेवायला ते जमिनीत तिरपे अँकर, म्हणजे ताणलेले पोलादी दोर, मारतील आणि ते १०-१५ मीटर आत जातात. प्लॉटची खालची बाजू धरायची असेल तर ते तुमच्या जमिनीखाली शिरू शकतात. त्यासाठी तुमची लेखी संमती लागते, आणि ती बरेचदा ‘साधी एनओसी’ म्हणून एका पानावर मागितली जाते. सर्वसाधारण सभेशिवाय सही करू नका. अँकर तात्पुरते आहेत की कायमचे, काम संपल्यावर ते सैल करणार का, त्यांचा नकाशा देणार का, हे लिहून घ्या. तुमची इमारत पस्तीस वर्षं ओलांडून गेली आहे. उद्या पुनर्विकासात पायलिंगचं यंत्र त्या पोलादी दोरांवर अडकलं तर खर्च तुमचा.

तिसरी मागणी पाण्याची, आणि इथे कायदा नेमका काय देतो ते समजून घ्या. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वरच्या जमिनीवर पडणारं पाणी नैसर्गिकरीत्या खाली येऊ देणं हे खालच्या मालकाला सोसावंच लागतं. म्हणून ‘त्यांचं पाणी आमच्याकडे येतं’ ही तक्रार टिकत नाही. टिकते ती अशी: पसरून येणारं पाणी त्यांनी गोळा करून, वाढवून, एका जागी आमच्यावर सोडलं. आकडा द्या. एक एकरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर झाडीच्या उतारावरून साधारण ८१ हजार लिटर पाणी खाली येतं, बाकीचं मुरतं किंवा अडतं. तीच जागा स्लॅब आणि काँक्रीटनं झाकली की तासाला १ लाख ८० हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरच्या आठ टँकरऐवजी अठरा. हे पाणी भिंतीच्या वरच्या चरीतून, गाळ अडवणाऱ्या कुंडीतून, थेट पालिकेच्या गटारात जायला हवं, तुमच्या आवारातून नाही. इमारती पूर्ण व्हायला तीन वर्षं लागतील. चर आत्ता, या मेमध्ये, कच्ची का होईना, खणली गेली पाहिजे. बहुतेक विकासक पाण्याची व्यवस्था शेवटी करतात आणि मधले दोन-तीन पावसाळे खालचे लोक चिखल उपसतात.

त्याच कायद्यात आणखी एक कलम तुमच्या कामाचं आहे. शेजारच्या जमिनीनं आपल्या जमिनीला दिलेला नैसर्गिक आधार काढून घ्यायचा नाही, हा हक्क प्रत्येक मालकाला आहेच. तो मुळात मोकळ्या जमिनीला मिळतो, वर इमारत असलेल्या जमिनीला नाही. पण इमारतीसह तो आधार २० वर्षं निर्वेध मिळत आला असेल तर तो हक्क इमारतीसाठीही पक्का होतो. १९८८ पासून तुमची वीस वर्षं कधीच भरली. तुमच्याकडची जमीन तोलून धरणाऱ्या भागाला त्यांनी हात घातला तर वकिलाच्या नोटिशीचा कणा हाच असू द्या.

याउलट, टेकडीचा देखावा गेला, फ्लॅटचे भाव पडतील, गाड्या वाढतील, हे पत्रात नको. सभासदांना ते मनापासून टोचतं, पण परवानगीवर त्याचा परिणाम होत नाही, आणि भिंतीची तक्रार त्या गर्दीत हरवते. रस्त्याचं वेगळं. उपनगरात मूळ एफएसआय १ आहे आणि त्यावर किती भर घालता येईल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नकाशात दाखवलेली रुंदी जागेवर टेपनं मोजा. तफावत निघाली, किंवा अग्निशमन बंब त्या चढावरून वळून आत जाऊ शकत नाही असं दिसलं, तर ती हरकत भक्कम आहे. खोटी किंवा चुकीची माहिती देऊन परवानगी घेतल्याचं दाखवता आलं तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५१ खाली ती रद्द करता किंवा बदलता येते.

पर्यावरण मंजुरीच्या मागे मात्र धावू नका. ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते आणि एकरभर जागेतल्या तीन सात मजली इमारती तिथवर पोचत नाहीत. अपवाद एकच: शेजारचा प्लॉट त्याच विकासकाचा ‘दुसरा टप्पा’ असेल तर दोन्ही मिळून मोजा. आकडा ओलांडला आणि मंजुरी दिली गेली असेल, तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे अपिलाला ३० दिवस असतात.

विकासकाशी बोलणी कराल तेव्हा दोन कागद मागा. पहिला, तुमच्या दोन्ही इमारतींची आणि भिंतीची कामापूर्वीची पाहणी: प्रत्येक खोलीतल्या तड्यांचे फोटो, रुंदी, तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या. काम सुरू होऊन दोन महिने झाले तरी उशीर नाही. आज जे आहे त्याची नोंद होते. दुसरा, त्यांच्या कंत्राटदाराची ‘ऑल रिस्क’ विमा पॉलिसी. तिच्यात त्रयस्थांच्या नुकसानीचा भाग असतो, पण कंपनांमुळे किंवा जमिनीचा आधार गेल्यामुळे झालेलं नुकसान बरेचदा मूळ पॉलिसीत धरत नाहीत, ते वेगळं जोडून घ्यावं लागतं. ते जोडलंय का, ती ओळ स्वतः वाचा. कातळ फोडायला सुरुंग लावणार असतील तर कंपनमापक तुमच्या जोत्याजवळ बसवायला सांगा. खाणींसाठी डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, साध्या घरांची मर्यादा आहे: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर. तीच इथे अट म्हणून घाला.

तुमच्या बाजूनंही एक काम आहे आणि ते टाळू नका. भिंत कोणाच्या हद्दीत आहे, याची मोजणी करून घ्या. ती तुमची निघाली तर धोकादायक बांधकाम म्हणून कलम ३५४ ची नोटीस तुम्हालाही येऊ शकते. मेमध्ये सगळी भोकं सळईनं आतपर्यंत मोकळी करा. दीड-दोन मीटरवर एक तरी भोक हवं. नसेल तर इंजिनियरच्या सल्ल्यानं ७५ मिलिमीटरचे पाईप तिरपे बसवून घ्या, आतल्या टोकाला गाळणीचं कापड लावून. भिंतीत आलेली पिंपळाची रोपं नुसती उपटू नका, मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. मूळ मारून सांधा भरा.

मग नोंदवही सुरू करा. भिंतीच्या वरच्या कडेला तीन ठिकाणी खिळा ठोकून ओळंबा सोडायचा आणि खाली भिंतीपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचं, आठवड्यातून एकदा, मोठ्या पावसानंतर रोज. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख टाका. पट्टी तुटली म्हणजे तडा जिवंत आहे. भिंतीला पोट आलं, वरच्या जमिनीत कडेला समांतर चीर पडली, कुंपणाचे खांब कलले, किंवा भोकांतून स्वच्छ पाण्याऐवजी गढूळ पाणी यायला लागलं, तर भिंतीमागची माती धुऊन चालली आहे. आणि जोराच्या पावसात इतर भोकं वाहत असताना एखाद्या भागातली भोकं कोरडी असतील, तर ते चांगलं लक्षण समजू नका. तिथे पाणी कोंडलंय.

किती हालचाल झाली की माणसं हलवायची, तो आकडा तुमच्या इंजिनियरकडून लेखी घ्या. तो मिळेपर्यंत दोन नोंदींत ५ मिलिमीटरचा फरक पुरेसा माना: १९१६ वर फोन करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि भिंतीकडच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोल्यांत त्या रात्री कुणालाही झोपू देऊ नका. ती सात-आठ कुटुंबं त्या रात्री कोणाकडे जातील, हे सर्वसाधारण सभेत नावानिशी ठरवून ठेवा, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत.